पानावरची चार बोटं

ही घटना रात्रीची नाही, हे आधीच सांगते.

अमावस्या नव्हती. पाऊस नव्हता. लाईटही गेली नव्हती. मे महिन्यातली दुपार होती आणि बाहेर ऊन असं होतं की समोरच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. जे घडलं ते त्या लख्ख उजेडात घडलं.

आणि ते खरं आहे. ज्यांचा विश्वास बसणार नाही, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे झालं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. तिचं नाव रंजिता. पुरुषोत्तमनगरला राहते. बी.एस्सी. झालेली, सापाला काठीने बाजूला करणारी बाई. भुताच्या गोष्टी निघाल्या की ती उठून चहा टाकायला जायची.

आता ती उठून जात नाही. गप्प बसून ऐकते.

१७ मे २०२३, बुधवार. तिथून हे सुरू झालं.

सातपुड्यात, आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालय आहे. कोणतं ते मी सांगणार नाही. तिथे अजून माणसं नोकरी करतात, त्यांना रोज त्या खोलीत जावं लागतं.

त्या कार्यालयाच्या मागच्या बाजूला रेकॉर्ड रूम आहे. लांबुडकी खोली, जाड भिंती, दोनच खिडक्या. लोखंडी रॅक छतापर्यंत. रॅकवर कापडात बांधलेले गठ्ठे. त्या कापडाला तिथे रुमाल म्हणतात. लाल रुमालातले कागद कायम ठेवायचे. हिरव्या आणि पिवळ्यातले ठरावीक वर्षं. आणि पांढऱ्या रुमालातले... ते मुदत संपली की नष्ट करायचे.

जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम एका कंपनीला मिळालं होतं. रंजिताताई त्या कंपनीत ऑपरेटर. सकाळी सातच्या जीपने घाट चढायची आणि पाचच्या जीपने उतरायची.

काम सोपं होतं. टेबलावर काळं कापड, त्यावर वही. वरून खाली बघणारा कॅमेरा. डाव्या हाताने पान धरायचं, पायाखालचं पेडल दाबायचं. खटॅक... फोटो. पान उलटायचं. पुन्हा खटॅक.

सोबतीला एकच माणूस. नवलसिंग. रेकॉर्ड रूमचा शिपाई, पावरा समाजाचा, रिटायर व्हायला वर्षभर बाकी. गठ्ठे काढून द्यायचा, परत बांधून ठेवायचा. बाकी वेळ दाराशी स्टुलावर.

या नवलसिंगची एक सवय ताईला पहिल्याच दिवशी दिसली होती. कुलूप काढण्याआधी तो दारावर हाताने थापायचा आणि पावरी बोलीत काहीतरी पुटपुटायचा.

"आत कोण आहे, भाऊ?" ताईने हसत विचारलं होतं.

तो हसला नाही.

"अंगठे आहेत मॅडम. या डोंगरातल्या हजारो माणसांचे अंगठे आहेत आत. माणसं गेली, अंगठे राहिले. सांगून गेलेलं बरं."

ताईने तेव्हा ते सोडून दिलं.

त्या बुधवारी तीनच्या सुमारास फोन आला. अजितचा. तो कंपनीच्या नंदुरबारच्या ऑफिसात बसून फोटो तपासायचा.

"ताई, तुन्ही बोटं ई ऱ्हायनीत फोटोमा. एकशे बारा नंबरपासून. ते परत घे."

"बरं," म्हणून ताईने लॅपटॉपवर एकशे बारा नंबर उघडला. जन्म-मृत्यूच्या नोंदीची जुनी वही. पिवळं पान, निळी अक्षरं.

आणि पानाच्या डाव्या कडेला...

चार बोटं.

काळसर. बारीक. नखांत माती. मधल्या बोटाचं नख ठेच लागल्यासारखं काळंनिळं.

ताई बघत राहिली. मग तिने स्वतःचे हात बघितले.

तिच्या हातात पांढरे सुती हातमोजे होते. जुन्या वह्यांवर वाळवीची पावडर असते, म्हणून ती सकाळी बसली की मोजे घालायची आणि डबा खाताना काढायची.

"अजित, मी तर मोजे घालते."



"मग नवलसिंग भाऊ धरत असतील पान."

नवलसिंग दाराशी बसला होता. जाडजूड, रुंद हात. बोटात चांदीची अंगठी. तो टेबलाजवळ कधी येतच नसे.

ताईने एकशे बारा नंबरचं पान पुन्हा काढलं. स्क्रीनवर आधी समोरचं चित्र दिसतं, त्यात फक्त पान होतं आणि तिचा मोजा. तिने पेडल दाबलं.

खटॅक.

फोटो उघडला.

तिचा मोजा होता. आणि मोज्याच्या शेजारी... चार बोटं.

तिने टेबलाकडे बघितलं. काही नाही. काळं कापड आणि कागद.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. पानाला कोणाचाच हात नाही. पाय पेडलवर. पण पेडल दाबायच्या आधीच तिच्या लक्षात आलं.

जुन्या वहीचं पान सोडलं की लगेच वळतं. शिवण ताठ झालेली असते, पान आडवं राहतच नाही. म्हणून तर धरावं लागतं.

तिने पान सोडलं होतं.

पान वळलं नव्हतं.

सपाट पडून होतं... कोणीतरी धरल्यासारखं.

त्या दिवशी ती चारलाच बाहेर येऊन जीपची वाट बघत उभी राहिली. घरी मावशीने, म्हणजे सिंधुबाईने, तोंड बघूनच विचारलं, "काय व्हयनं वं? तोंड कसाले उतरेल शे?"

"काही नाही, माय. ऊन लागनं."

गुरुवारी ती गेली. नोकरी होती, जावं लागणारच. रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली होती की मशीनमध्ये बिघाड असेल, आधीच्या कुठल्या कामाचे फोटो मिसळत असतील.

तासभर काम नीट चाललं. ताईने मुद्दाम एकही फोटो उघडून बघितला नाही.

मग तिला आवाज आला.

तिने पान उलटलं, सर्र... आणि तिच्या मागे, रॅकांच्या पलीकडे, आणखी एक पान उलटलं.

सर्र...

ती थांबली. हात तसाच ठेवून कान दिला. शांतता. बाहेर झेरॉक्सच्या दुकानासमोर कोणीतरी मोटरसायकल चालू केली.

तिने पुढचं पान उलटलं.

मागे... सर्र.

"नवलसिंग भाऊ, मागे कोणी आहे?"

"उंदीर असेल, मॅडम."

पण हे बोलताना त्याने मान वर केली नाही. जमिनीकडेच बघत होता.

ताईने बराच वेळ पान उलटलं नाही. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

आणि मग, ती हलली नसताना... सर्र. सर्र. सर्र. भराभर. कोणीतरी काहीतरी शोधत असल्यासारखं.

त्याच वेळी खिडकीवर टकटक झाली आणि ताई किंचाळली.

खिडकीत एक म्हातारी उभी होती. गळ्यात चांदीची जुनी हसळी, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. तिचं नाव दिवलीबाई. दूरच्या एका पाड्यावरची. ती भूत नव्हती. चालून चालून पाय सुजलेली, जिवंत बाई होती.

नवलसिंग उठून तिच्याशी पावरीत बोलला. मग त्याने ताईला सांगितलं.

दिवलीबाई वडिलांनी कसलेलं शेत आजही कसते. जमीन जंगलखात्याच्या नावावर. हक्काचा दावा टाकलाय, पण वडील तिथे कसत होते याचा जुना पुरावा मागतात. १९७९ साली सरकारी माणसं पाड्यावर आली होती, त्यांनी एकेकाचा जबाब लिहून घेतला होता. त्या वहीत वडिलांचं नाव आहे. ती वही मिळाली तर दावा टिकेल. पुढच्या गुरुवारी, पंचवीस तारखेला, शेवटची सुनावणी. मग शेत सोडावं लागेल.

"वही आहे का?" ताईने विचारलं.

"मी चारदा शोधली, मॅडम. लाल रुमाल सगळे सोडून बघितले. नाही." त्याने पिशवीतला कागद दाखवला. त्यावर कार्यालयाचा शिक्का होता आणि एकच ओळ. सदर अभिलेख आढळून येत नाही.

असे चार कागद होते तिच्याकडे. चार वर्षांचे चार.

म्हातारी ताईकडे बघत होती. मग ती गेली. व्हरांड्यातून तिच्या काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला.

रॅकांमागचा आवाज मात्र थांबला होता.

शुक्रवारी दुपारी अजितचा फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता.

"ताई, मी तुला काही फोटो पाठवतो. ओळीने बघ. एकटी आहेस का?"

"नवलसिंग भाऊ आहेत."

"मग बघ."

व्हॉट्सॲपवर नऊ फोटो आले. बुधवारपासून शुक्रवारपर्यंतचे. पहिल्यात चार बोटं पानाच्या कडेला. दुसऱ्यात थोडी आत. तिसऱ्यात आणखी आत. पाचव्यात मनगटापर्यंतचा हात पानावर पालथा. सातव्यात त्यातलं एक बोट बाकीच्यांपासून वेगळं झालेलं. नवव्यात...

ते बोट ताठ झालं होतं. काहीतरी दाखवत होतं.

पानावरचं नाही. पानाच्या बाहेर. उजवीकडे.

ताईने फोन ठेवला.  ती शिकलेली मुलगी आहे, तिला खात्री करून घ्यायची होती. तिने टेबलावरची वही उलट फिरवली. वरची बाजू खाली. आता काही बिघाड असेल तर बोटही उलट्या बाजूला वळायला हवं.

पेडल दाबलं. खटॅक.

वही उलटी दिसत होती. पण बोट... अजूनही तिकडेच दाखवत होतं.

खोलीच्या त्याच भिंतीकडे.

तिने हळूच मान वळवली. त्या भिंतीशी पांढऱ्या रुमालांचा ढीग होता. साठ-सत्तर गठ्ठे. मुदत संपलेले कागद. त्यांच्या यादीवर सही झाली होती आणि सोमवारी ते न्यायला ट्रक येणार होता.

संध्याकाळी जीपच्या थांब्यावर नवलसिंग तिच्या मागोमाग आला. हातात कापडी पिशवी होती.

"मॅडम, मी दुपारी तुमच्या मागे उभं राहून फोटो बघितले. मला माहीत आहे ते बोट कुठे दाखवतंय."

ताईने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मी तो ढीग शोधला नाही कधी. नष्ट करायच्या ढिगात कोण शोधतो? आणि एवढं जुनं अक्षर मला लागत नाही." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "उद्या शनिवार. ऑफिस बंद आहे. तुमच्या कामासाठी मला किल्ली दिलेली आहे. तुम्ही याल का?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," नवलसिंग म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावतोय. एकट्याने नाही होणार."

ताई मला म्हणाली, त्या रात्री तिने दहा वेळा ठरवलं की जायचं नाही. मग त्या म्हातारीचे सुजलेले पाय डोळ्यासमोर यायचे.

२० मे. शनिवार. कार्यालयाच्या आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं. नवलसिंगने दारावर थापलं, पुटपुटला, कुलूप काढलं. आत डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कागदाचा वास. त्यात त्या दिवशी आणखी एक वास होता. ओल्या मातीचा. बाहेर जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि आत... नुकत्याच नांगरलेल्या ओल्या शेतासारखा वास.

दोघं ढिगाशी बसले. एकेक गठ्ठा सोडायचा, वरचे कागद बघायचे, बाजूला ठेवायचा. रजेचे अर्ज. हजेरीपट. टपालाच्या वह्या. दोन तास गेले. घामाने मोजे हाताला चिकटले.

दोन वाजून गेले असतील.

सर्र...

यावेळी आवाज रॅकांमागून आला नाही. समोरून आला. ढिगातून.

सर्र... सर्र...

एका गठ्ठ्यातून. तो घट्ट बांधलेला होता, त्याच्या गाठीसुद्धा हललेल्या नव्हत्या. आणि त्याच्या आत पानं उलटत होती.

नवलसिंगने हात जोडले आणि त्याच्या बोलीत काहीतरी बोलला, हळू आवाजात, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं.

आवाज थांबला.

ताईने तो गठ्ठा ओढून घेतला. गाठी सुटेनात, शेवटी नवलसिंगने सुरीने कापड फाडलं. आत टपालाच्या दोन वह्या आणि त्यांच्या मध्ये एक जाड वही. पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेलं... वनजमीन चौकशी, जबाब, सन १९७९.

लाल रुमालात असायला हवी होती. कोणीतरी कधीतरी पांढऱ्यात बांधली होती. चुकून, की मुद्दाम, ते आता कोण सांगणार?

ताईने पानं उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानावर एकेका माणसाचा जबाब. खाली एकच ठरलेली ओळ, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. आणि त्यापुढे जांभळ्या शाईचा ठसा. पानामागून पान, अंगठ्यामागून अंगठा.

मग तिच्या हातातून एक पान निसटलं. आपोआप उलटलं. त्याच्या पुढचंही उलटलं. आणि तिसरं पान येऊन सपाट पडलं.

छगन. दिवलीबाईच्या वडिलांचं नाव, पुढे तिच्या पाड्याचं. शेताच्या चारी बाजू लिहिलेल्या. एका बाजूला नाला, एका बाजूला मोहाची तीन झाडं. बापाच्या वेळेपासून कसतो, असं लिहिलेलं.

ताईने मोठा श्वास सोडला. मिळालं होतं.

मग तिची नजर खाली गेली.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

पुढे जागा कोरी होती.

समासात बारीक अक्षरात कारकुनाने लिहिलं होतं, अंगठा घेणे बाकी.

"अंगठा नाही," ताई म्हणाली.

नवलसिंग मटकन खाली बसला. "अंगठा नाही तर जबाब नाही. साहेब हेच म्हणतील. चव्वेचाळीस वर्षांनी सापडला आणि..."

 शेवटी ताई म्हणाली, "फोटो तरी काढून ठेवू."

तिने वही टेबलावर ठेवली. डाव्या हाताने पान धरलं. पेडल दाबलं.

खटॅक.

स्क्रीनवर हात होता. पूर्ण हात. डावा. पालथा, त्या कोऱ्या जागेवर ठेवलेला. चारही बोटं पसरलेली. काळंनिळं नख, मातीने भरलेल्या भेगा.

आणि अंगठ्याच्या जागी...

काहीच नव्हतं. जुनी, भरून आलेली जखम. लाकडाची गाठ असावी तशी.

 त्याच क्षणी ताईला हातावर वजन जाणवलं.

तिच्या डाव्या हातावर. जो पान धरून होता, त्याच हातावर. वरून कोणीतरी आपला हात ठेवला होता. थंड. जड. खरखरीत. मोज्यातूनही जाणवत होतं. तिने हात ओढायचा प्रयत्न केला. हात निघेना.

वजन वाढत गेलं. हळूहळू. मग ते एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकलं.

आणि उचललं गेलं.

ताईने डोळे मिटून घेतले होते. नवलसिंगचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "मॅडम... पानाकडे बघा."

कोऱ्या जागेत ठसा होता.

जांभळा. ओला. उन्हाच्या तिरिपीत चमकत होता.

तिने हात वर करून बघितला. मोजा पांढराशुभ्र होता. शाईचा ठिपकासुद्धा नाही. खोलीत शाईचं पॅड नव्हतंच.

दोघं बाहेर कसे आले, कुलूप कोणी लावलं, ताईला आठवत नाही. एवढंच आठवतं की पायरीवर बसून नवलसिंग म्हणाला, "मॅडम, हे आपण केलं असं म्हणतील. जुन्या कागदावर नवा अंगठा. तुमची नोकरी जाईल. पोलीस येतील."

"मग काय करू या? परत ढिगात ठेवू या?"

 उत्तर दोघांनाही माहीत होतं. परत ढिगात ठेवायची हिंमत दोघांतही नव्हती. भीतीने असो की त्या म्हातारीसाठी असो.

रविवारी ताईला सणकून ताप होता. सोमवारी तापातच ती घाट चढली. ट्रक यायच्या आधी पोचायचं होतं. तिने वही नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एवढंच सांगितलं, "चुकून पांढऱ्या रुमालात गेली होती, साहेब."

साहेबांनी तिने खूण घातलेलं छगनचं पान उघडलं. 

त्यांनी ठशावरून बोट फिरवलं.  ताईने वाकून बघितलं.

शाई वाळली होती. नुसती वाळली नव्हती. फिकी पडली होती, कडांना तपकिरी झाली होती. आजूबाजूच्या सगळ्या ठशांसारखी... चव्वेचाळीस वर्षांची.

साहेबांना समासातली ओळही दिसली. "अंगठा नंतर घेतलेला दिसतो," एवढंच म्हणाले. मग जुन्या लोकांना दोन शिव्या घातल्या, वही लाल रुमालात बांधायला सांगितली आणि नक्कल काढायचा हुकूम दिला. नवलसिंगने निरोप पाठवून दिवलीबाईला बोलावलं होतं, दुपारी तिच्या हातात सही-शिक्क्याची नक्कल पडली.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने कागद उजेडात धरला आणि खालच्या ठशावर बोट ठेवून नवलसिंगला काहीतरी विचारलं.

नवलसिंगने सांगितलं.  ती बोलायला लागली. जसजशी ती बोलत गेली तसतसा नवलसिंगचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणते?" ताईने विचारलं.

"म्हणते, हा माझ्या बाबाचा अंगठा नाही."

"म्हणजे?"

"तिच्या बाबाला डावा अंगठाच नव्हता, मॅडम. लाकडं फोडताना कुऱ्हाडीने गेला होता. जबाबाच्या दिवशी त्याने उजवा पुढे केला. कारकून म्हणाला, नियम डाव्याचा आहे, नसेल तर डॉक्टरचं लिहून आण. तो दोनदा चालत आला इथे. दोनदा परत पाठवला. पावसाळ्यात तो वारला. मरताना म्हणत होता, माझा अंगठा राहिला."



मग दिवलीबाईने नक्कल घडी करून पिशवीत ठेवली. ताईजवळ आली. तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि एक वाक्य बोलली.

त्या वाक्याचं मराठी नवलसिंगने केलं नाही. ताईने दोनदा विचारलं. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम."

ताईने त्या आठवड्यात काम सोडलं. सुनावणीत कागद मान्य झाला, शेत राहिलं. हे नवलसिंगने दिवाळीत फोन करून कळवलं. रेकॉर्ड रूममध्ये आता आवाज येत नाहीत, असंही म्हणाला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

त्याच वर्षी जुलैत ताई आधार कार्ड अपडेट करायला नंदुरबारला गेली. सोबत मी होते. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. हिरवा दिवा. डाव्या हाताची चार. हिरवा. मग दोन्ही अंगठे.

लाल.

केंद्रावरच्या बाईने काच पुसली. पुन्हा ठेवायला सांगितलं. लाल. ओल्या फडक्याने ताईचे अंगठे पुसले. पुन्हा लाल. मग तिने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

उजव्या अंगठ्याच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या.

डाव्याच्या जागी नुसता गोल होता. कोरा.

"मॅडम, भाजलं होतं का कधी?"

ताईने अंगठा डोळ्यांजवळ नेला. मीही बघितला. गुळगुळीत. एक रेषसुद्धा नव्हती. वाळलेल्या चिंचोक्यासारखा. तेव्हा तिला आठवलं, मे महिन्यात तापातून उठल्यावर आठ-दहा दिवस तो अंगठा बधिर होता. तिने लक्ष दिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, जुने कागद आणि पावडर हाताळणाऱ्यांचं असं होतं कधीकधी, रेषा परत येतात.

आज तीन वर्षं होत आली. आलेल्या नाहीत.

ती वही नंतर कॉम्प्युटरवर चढली, तेव्हा छगनच्या पानाचा ठशासकट फोटो अजितने तिला पाठवला होता. तो अजून तिच्या फोनमध्ये आहे. जुन्या बँकेच्या फॉर्मवर तिचा स्वतःचा डाव्या अंगठ्याचा ठसाही घरात आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघायला पाच मिनिटं लागतील. ती बघत नाही. मला बघू देत नाही.

एकदाच, भाजी निवडताना, ती आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मागितला असता तर मी दिला असता गं."

मग हातातली जुडी खाली ठेवली.

"न मागता का घेतला?"